दोघांनाही हो

अ‍ॅशबर्न या परदेशी गावातल्या आमच्या मराठी चर्चमध्ये गाणाऱ्यांचा क्वायर सांभाळणारा तरुण कुणालाच नाही म्हणायचा नाही. त्याची मान आधी हलायची, मग तो प्रश्न ऐकायचा. वर्षभर खुर्च्या लावायच्या बोलीवर मी त्याच्याकडून नाताळचा सोलो, एकट्यानं गायचं गाणं, मिळवला. क्वायरमधल्या साळवेलाही त्यानं तोच दिला होता. भर उपासनेत आम्ही दोघं एकाच माइकवर, एकमेकांवर आवाज चढवून गायलो.

नंतर पार्किंगमध्ये मी त्या तरुणाला गाठलं. "माणसांना खूश करता करता देवाला विसरलास. आता त्याच्यासमोर उभा आहेस असं समज आणि सांग, चांगलं कोण गायलं?"

त्यानं डोळे मिटले. मान हलली नाही. "काका, दोघंही बेसूर गायलात."

खुर्च्या लावणं मी त्याच दिवशी बंद केलं. आता तो हो म्हणाला की विश्वास बसतो, पण हे त्याला सांगणार नाही.