हसुरामदादाचा शेवटचा बेंजो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या बेंजो पार्टीतल्या मंडळींना नाही. दोनदा देवळात गेलेलो सांगायला — तिथेही नाही. हात जोडले, प्रसाद घेतला, घरी आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी डोंबिवलीचा. तीस वर्षं एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो वाजवला. हळदीला, मिरवणुकीत तुम्ही ऐकलेला असणार — लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारख्या चाव्या. डाव्या हाताने चाव्या दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझं बऱ्यापैकी नाव होतं. "डोंबिवलीचे सुधीरभाऊ आले" म्हटलं की कोळीवाड्यात कुणीतरी पटकन मधली खुर्ची पुसायचं. खोटं कशाला बोलू — मला ती खुर्ची फार आवडायची.

माझे सगळे बेंजो हसुरामदादाने केलेले. दादा ठाण्यातल्या बाळकुमचा कोळी. आजोबा होड्या बांधायचे, बापाने खाडीत जाळी टाकली, आणि ह्याने बेंजो केले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत कारखाना. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, ते घर तसंच राहिलं. भिंतीवर सात-आठ जुने बेंजो टांगलेले असायचे, दुरुस्तीला आलेले आणि कुणी परत न नेलेले. गंजलेल्या तारा, सैल खुंट्या. बायको गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी प्रमिला.

साठीत त्याचे कान जायला लागले. जन्म मिरवणुकीतल्या लाउडस्पीकरच्या भोंग्यांसमोर गेलेला, आणखी काय होणार? दोन वर्षांत काही म्हणता काही ऐकू येईना. कानाचं मशीन लावलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून डब्यात ठेवून दिलं. मग त्याच्याशी बोलायचं म्हणजे लिहायचं. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर लावून वाचायचा. कागद त्याला चालत नसे. हाताशी असेल त्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने लिहायचं. तो वाचायचा, उत्तर द्यायचा आणि रंधा फिरवून ते सोलून टाकायचा. त्या खोलीत चालताना पायाखाली लाकडाच्या कुरळ्या साली यायच्या आणि त्यांच्यावर अर्धी अर्धी अक्षरं असायची. एकदा माझ्या चपलेला चिकटून एक साल डोंबिवलीपर्यंत आली. तिच्यावर 'नको' एवढंच होतं. अक्षर माझं नव्हतं, प्रमिलाचंही नव्हतं.

प्रमिलाला पहिली धून मी शिकवली. बारा वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी — कसं सांगू? मी वाजवायला लागलो की लोक नाचायचे. ती वाजवायला लागली की नाचता नाचता थांबायचे, वळून बघायचे. एका हळदीत मी पाणी प्यायला उठलो आणि ती माझ्या जागी बसली. परत आलो, तर तिला उठ म्हणायचं कुणाच्या मनातच आलं नाही. मी तासभर भोंग्याच्या मागे उभा राहिलो. हसत होतो. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्यानंतर दादाने मला बोलावून घेतलं. बहिरा झाल्यापासून त्याचा आवाज सपाट झालेला, विहिरीतून आल्यासारखा. म्हणाला, "तिचेसाठी एक बेंजो करतो. शेवटचा. मंग ती पुढं बसल, तू बाजूला. तुज्यासारखा सांभालनारा तिला दुसरा कोन हाय?"

मी फळीवर लिहिलं — 'हो दादा. नक्की.'

त्याने अकरा महिने घेतले. माळ्यावर आजोबांच्या होडीची एक सागाची फळी जपून ठेवलेली, तिची पेटी केली. तारा तो कशाच्या आधाराने लावत होता, देव जाणे. मी मध्ये मध्ये जायचो. तो तारेवर नख ठेवून तासनतास बसलेला असायचा, डोळे भिंतीकडे. मी समोर उभा राहिलो तरी त्याला कळायचं नाही. मीही त्याच्या खांद्याला हात लावायचो नाही. उभा राहून बघायचो — आणि मनात म्हणायचो, जमणार नाही ह्याला. बघा, तेव्हापासूनच.

आता त्या दिवसावर येतो. टाळलं तेवढं पुरे.

मंगळवार होता. त्याचा निरोप आला म्हणून मी हाफ डे टाकून गेलेलो. प्रमिला घोडबंदर रोडला एका ऑफिसात कामाला लागलेली, ती घरी नव्हती. दुपारचा एक वाजलेला. शेजारच्या साइटवरची मशीनं जेवणासाठी थांबलेली, खाडीला ओहोटी, कुठे कावळासुद्धा नाही. मला ती शांतता चांगली आठवते. दादा अशाच शांततेत राहत असेल, असं तेव्हा वाटून गेलेलं.

त्याने बेंजो माझ्यासमोर ठेवला. आवाज भोंग्यापर्यंत नेणारा पिकअप अजून बसवलेला नव्हता, नुसतं लाकूड आणि तारा. "वाजव," म्हणाला.

मी एक सा लावला. एकच.

स्वराच्या आधी काहीतरी आलं — कुणी बोलायच्या आधी श्वास घेतं ना, तसं. मग स्वर आला, आणि तो माझ्या मनगटातून वर चढला. नखी उचलली तरी तो थांबेना. मागून भिंतीवरचे बेंजो बोलायला लागले. आता, एका सुरातल्या तारा एकमेकींना साद देतात हे आम्हा वाजवणाऱ्यांना माहीत असतं, त्यात नवल नाही. पण ते बेंजो वर्षानुवर्षं उतरलेले होते. त्यातल्या एकाही तारेत सूर नव्हता. मग ते कशाला बोलले?

"थांबू नको," दादा म्हणाला. मी वाजवत राहिलो. तो गुडघ्यांवर बसला, पुढे वाकला आणि त्याने पेटीची कड दातांत धरली. डोळे मिटले. मी बघत होतो — त्याचे कान हलत होते. जनावराचे हलतात तसे, बारीक. त्या खोलीत दोन वर्षांनी कुणीतरी ऐकत होतं. माझा हात थांबला नाही, कारण तो बेंजो थांबू देत नव्हता. इतक्या वर्षांत मी असा बेंजो ऐकला नव्हता. त्यानंतरही ऐकला नाही.

दादाने तोंड पुसलं. पेटीवर दातांचे दोन व्रण उठलेले, त्यांवरून अंगठा फिरवला. मग फळीचा एक तुकडा आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"खरा सांग," म्हणाला. "मना दातांत बरा लागला. पन दातांचा काय खरा? कान तुजे."

मला राग आलेला नव्हता. नशेत नव्हतो, घाईत नव्हतो. पेन्सिल उचलली तेव्हा डोळ्यांसमोर ती खुर्ची होती — पुसलेली, मधली — आणि तिच्यावर प्रमिला.

मी लिहिलं, 'मेलाय.'

त्याने खूण केली, म्हणजे काय? आणि मी खाली दुसरी ओळ लिहिली. 'खर्जात फुटतो. प्रमिलाला देऊ नका.'

पहिला शब्द हातून गेला, असं एखाद्या वेळी म्हणता आलं असतं. दुसऱ्या ओळीचं काय म्हणू?

त्याने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं — किती वेळ, सांगता येत नाही. त्याला शंका आली होती का? दात एक सांगत होते आणि मी दुसरं. त्याने मला निवडलं. रंधा उचलला, माझ्या दोन्ही ओळी सोलून काढल्या, साल पायाखाली पडली. आणि मला कळायच्या आत त्याने लाकडी हातोडा घेऊन बेंजोच्या पोटात एकच घाव घातला.

भिंतीवरचे सगळे बेंजो एकदम ओरडले. वाजले नाही म्हणत मी, ओरडले.

दादा गर्रकन भिंतीकडे वळला. ठार बहिरा माणूस. "कोन बोलला?" म्हणाला.

मी मान हलवली. कुणी नाही, दादा. कुणी नाही.

मी एवढंच करून थांबलो असतो तर — पण पुढचं ऐका. त्याने तुटक्या पेटीतून चाव्यांची पट्टी अलगद काढली, फुंकर मारून पुसली आणि म्हणाला, "ह्या बऱ्या हायत. तुज्याला लावतो." मी नाही म्हणालो नाही. पुढच्या रविवारी त्या माझ्या बेंजोवर बसलेल्या होत्या. त्याच चाव्यांवर मी सहा वर्षं हळदी वाजवल्या, मधल्या खुर्चीत बसून.

गाणं संपलं की काहीतरी उरायचं. आधी मला एकट्यालाच वाटायचं. मग आमचा ढोलकीवाला एकदा म्हणाला, "भाऊ, काय वाजतंय अजून?" मी पिकअप बदलला, वायर बदलली, भोंगा बदलला. एका दुपारी मी पेपर वाचत बसलेलो. बेंजो कपाटात, केसमध्ये बंद. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुमच्या पेटीत काहीतरी घोरतंय बघा." मी जाऊन सगळ्या तारा सोडून टाकल्या. पुढे तिने तसं काही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. त्यानंतर मी वाजवणं बंद केलं, बोटं दुखतात म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

दादाने दुसरा बेंजो केला नाही. दोन वर्षं घरासमोर साइटच्या कुंपणाच्या पत्र्यावर तळहात टेकवून बसायचा. आत मशीन चालू असलं की पत्रा थरथरायचा. मी गेलो की दुसऱ्या हाताने मला शेजारी बसवून घ्यायचा. एकदा माझा हात धरून त्यानेच पत्र्यावर ठेवला. "हा आयक," म्हणाला. तसाच एक दिवस बसल्या जागी गेला.

आणि प्रमिला? मी तिला म्हटलेलं, दुसरा कुणाचा तरी बेंजो घे, वाजव. हो, म्हटलेलं मी — त्यावर ती काय बोलणार हे ठाऊक असताना. ती म्हणाली, "काका, बाबांसमोर दुसऱ्याच्या हातचा बेंजो कसा वाजवू? त्यांना काय वाटेल?" दादा गेल्यावर तिचं लग्न झालं, ती टिटवाळ्याला गेली. तोपर्यंत बोटं विसरली होती, किंवा तिनेच विसरायला लावली.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचं बारसं झालं. नव्या बिल्डिंगमधला फ्लॅट, माणसांनी भरलेला. मी कोपऱ्यात ताट घेऊन उभा होतो. तिच्या सासरचं कुणीतरी म्हणालं, तुझे बाबा बेंजो करायचे ना, तुझ्याकडे एखादा ठेवलायस की नाही? प्रमिला हसली.

"नाही हो. शेवटचा माझ्यासाठी करत होते, पण तो जमला नाही. कान गेले तसा शेवटी हातही गेला बाबांचा. वाईट वाटायचं बघून." मग माझ्याकडे वळून सगळ्यांना म्हणाली, "हे सुधीरकाका होते तिथे. दुसरं कुणी असतं तर बरं वाटावं म्हणून छान छान म्हटलं असतं, आणि चार लोकांत हसं झालं असतं बाबांचं. ह्यांनी तोंडावर खरं सांगितलं."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. चांगल्या नजरेने बघितलं.

प्रमिला, तो मेलेला नव्हता. चार शब्द. दादाचा हात गेला नव्हता, शेवटच्या दिवसापर्यंत गेला नव्हता. ती समोर उभी होती, हातात शिऱ्याचं भांडं. ऐकायला दोन कान होते तिला, लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

"काका, अजून घ्या ना थोडा," ती म्हणाली.

मी ताट पुढे केलं. तिने वाढलं. मी खाल्लं.