बिनझाकणाची बुट्टी

मराठी माणसाच्या अधोगतीचे मूळ कारण खेकडा आहे. हे सत्य मी धारवाडात वर्षानुवर्षे ऐकले. नेहमी हार घातलेल्या माणसाकडून आणि नेहमी समईच्या उजेडात. सांगणाऱ्यांपैकी कोणी खेकडा कधी हातात धरला होता असे दिसले नाही, एवढीच त्या सत्याची उणी बाजू.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते. एका माणसाजवळ खेकड्यांच्या दोन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या. एकीवर झाकण, दुसरी उघडी. कोणी विचारतो, ही उघडी कशी? तो म्हणतो, यातले खेकडे मराठी आहेत. एक वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. झाकण लागत नाही. सभागृह खदखदून हसते. स्वतःवर हसलो, म्हणजे आपण मोठ्या मनाचे, असे वाटून लोक मग उप्पीट खायला जातात.

नव्वदच्या दशकात मी धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि तिथल्या मराठी मंडळाची सभासद होते. मंडळाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी पुण्याहून किंवा मुंबईहून प्रमुख पाहुणे येत. त्यांच्यासाठी सिंहासनासारखी एक लाल खुर्ची केलेली होती. बायकांकडे दोन कामे असत, रांगोळी आणि आभार. माझी रांगोळी वाईट, म्हणून आभार माझ्याकडे.

खेकड्यांशी माझा परिचय मात्र अक्कामुळे. अक्का अळणावरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. भाताच्या शेतात रोजाने जायची आणि पावसाळ्यात खेकडे धरायची. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने धारवाडला उतरून आमच्या प्रात्यक्षिकांपुरते खेकडे देई आणि उरलेले जुन्या हुबळीतल्या ठरलेल्या घरी नेऊन पोचवी. तिचे मराठी कानडीत भिजलेले आणि कानडी मराठीत. ती मला बाई म्हणे. पुस्तकात नसलेले बरेच मी तिच्याकडून शिकले आणि पुढे वर्गात माझेच म्हणून सांगितले.

खेकडा बांधाला बीळ पाडतो आणि रात्रीतून वाफ्यातले पाणी निघून जाते, म्हणून अक्काच्या गावात सकाळी त्याला शिव्या. संध्याकाळी त्याचेच पाय नि नांग्या पाट्यावर ठेचून, रस गाळून, आमटी. कुणाच्या छातीत कफ झाला तर तीच आमटी औषध म्हणून. उन्हाळ्यात तो बिळात खोल ओलीत दडून बसतो. मादी अंडी पोटाखाली बाळगते, आणि त्यांतून पिल्ले बाहेर पडली तरी बरेच दिवस त्यांना तिथेच घेऊन हिंडते. गोड्या पाण्यातल्या या खेकड्याची पिल्ले जन्मतःच खेकडे असतात, मुगाएवढे. अशी लेकुरवाळी मादी हाताला लागली की अक्का तिला परत बांधावर सोडी.

"का गं, दया आली?" मी एकदा विचारले.

"दया कसली वो बाई. पुढच्या साली काय धरू?"

अक्काची थोरली मुलगी त्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाली. गावातून त्या वेळी ती पहिलीच. धारवाडला पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्सला प्रवेशही मिळाला. अडचण गाडीची होती. पॅसेंजर वेळेवर आली तरी तिचा पहिला तास बुडायचा, आणि पॅसेंजर वेळेवर येत नसे. त्याआधी घरापासून स्टेशनपर्यंत दीड तास चालणे, वाटेत पावसाळी ओढा. जुलैच्या शेवटी अक्का म्हणाली, "येत्या पंधरा दिवसांत कुठं राहायला मिळालं तर बरं, न्हाईतर बास करतो म्हणतोय तिचा अप्पा. लावणीला माणसं पायजेत."

मला लगेच मंडळाची खोली आठवली. सभागृहाच्या मागे एक खोली होती. कुणा दात्याने ती बांधून दिली होती आणि भिंतीत दगडही बसवला होता: परगावच्या विद्यार्थिनींसाठी. त्या खोलीत विद्यार्थिनी राहिल्याचे कुणाला आठवत नव्हते. तिथे लाल खुर्ची राहत होती. शिवाय स्मृतिचिन्हांची खोकी, फ्रेमा, आणि वाटून उरलेल्या शाली.

मी अर्ज लिहून कार्यकारिणीपुढे ठेवला. अध्यक्ष निवृत्त वकील होते. साधे "पंखा लावा"सुद्धा ते मान्यवरांच्या परवानगीने म्हणत.

"मॅडम, हेतू उत्तम," ते म्हणाले. "पण खेड्यातली पोर, एकटी, शहरात घाबरून जाईल. जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"आणि त्यांच्या घरी, म्हणजे, ते खेकडे वगैरे..."

"ती खायला येणार नाही, शिकायला येणार आहे."

"तसं नाही हो. आज हिला दिली की उद्या दुसरा येणार, परवा तिसरा तक्रार करणार. आपल्या माणसांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. खेकड्यांची जात आपली. कुणी वर गेलेलं बघवत नाही."

सगळे हसले. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक सप्टेंबरात होती.

मी घरी न जाता प्रयोगशाळेत गेले. अक्काने आणलेले खेकडे टाकीत होते. एक प्लॅस्टिकची बादली घेतली आणि त्यात सहा सोडले. ते एकमेकांवर चढले, घसरले, पडले. अगदी गोष्टीत सांगतात तसे. मग पाच काढून घेतले आणि एकटाच ठेवला. तोही चढला, घसरला, पडला. तासभर बसून पाहिले. तो बाहेर आला नाही. त्याचा पाय ओढायला बादलीत कोणी नव्हते.

हा प्रयोग कुणालाही दहा मिनिटांत करता येतो. इतक्या वर्षांत, इतक्या व्यासपीठांवरून, इतक्या पदवीधरांपैकी कुणी तो केला नव्हता. खेकडा दुसऱ्याला धरतो ते पाय रोवायला जागा मिळावी म्हणून. तिथे दगड असता तर दगड धरला असता. आणि खरेच कोणी त्याचा पाय घट्ट पकडला, तर तो पाय मुळापाशी सोडून देतो आणि निघून जातो. नवा पाय पुढे कात टाकताना येतो. ओढणारा हातात पाय घेऊन बसतो.

सोमवारी मी अक्काला गोष्ट सांगितली. ती हसली नाही. विचारात पडली.

"बुट्टी कशाची म्हणाला?"

"बांबूची असेल. तुझ्यासारखीच."

"मग कसं राहतील? बुट्टीला तर पाय लागतोय." तिने बुट्टीच्या तोंडावरचे ओले गोणपाट दाखवले, सुतळीने आवळून बांधलेले. "हे काढलं तर एक बी राहणार न्हाई वो बाई. गोष्ट सांगणाऱ्यानं खेकडे आणलेच न्हाईत कधी."

मी तिला वर्धापनदिनाला, येत्या रविवारी, बुट्टी आणि मुलगी घेऊन सभागृहात यायला सांगितले. नांग्या बांधू नकोस म्हटले.

"बाई, आवळल्याबिगर नको. कुणाचं तरी बोट जाईल."

"कुणाचं?"

"ते काय की," ती म्हणाली. पण आली.

रविवारी सभागृह भरले होते. समई झाली, स्वागतगीत झाले, शाल, श्रीफळ, पुन्हा एक शाल. लाल खुर्चीतले पाहुणे पुण्याचे होते, आवाज भरदार. चाळिसाव्या मिनिटाला ते दोन बुट्ट्यांपाशी आले. अध्यक्षांनी आधीच हसायला सुरुवात केली होती. मागच्या भिंतीशी अक्का आणि तिची मुलगी उभ्या होत्या. मुलीने इस्त्रीचा फ्रॉक घातला होता आणि ती पाहुण्यांकडे असे बघत होती की जणू तासाला बसली आहे.

आभाराला मी उठले. हारवाल्यांचे, मांडववाल्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे आभार मानले. मग म्हटले, "प्रमुख पाहुण्यांनी एक शास्त्रीय विधान केलं आहे. ते पडताळून बघायची संधी त्यांनी दिली, याबद्दल आभार." आणि आधीच टेबलाखाली आणून ठेवलेली अक्काची बुट्टी उचलून टेबलावर ठेवली, सुतळी सोडली, गोणपाट काढले.

काहीच झाले नाही. उजेड पडला की खेकडा आधी दबून बसतो. हे मला माहीत होते, पण सभागृहाला नव्हते. पाहुण्यांनी हात पसरले. "बघा! सिद्ध झालं की नाही?" टाळ्या पडल्या. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. आयुष्यात इतके लांब मिनिट मी काढलेले नाही.

मग एक नांगी काठावर आली. मागून तिचा धनी. त्याच्या मागच्या पायाला दुसऱ्याने धरले.

"ओढला! ओढला!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडले.

पहिल्याने जोर केला. तो काठावर आला, आणि पाय धरून लोंबकळणारा दुसराही त्याच्याबरोबर वर आला. दोघे मिळून टेबलक्लॉथवर पडले. त्यानंतर पायऱ्या उतरून यावे तसे बाकीचे आले.

पुढच्या प्रसंगाची तुम्ही कल्पना करू शकता, म्हणून थोडक्यात सांगते. ध्वनिक्षेपकवाला "एडि! एडि!" असे कानडीत खेकड्याचे नाव घेत दाराबाहेर गेला. पाहुणे लाल खुर्चीवर बसलेले होते ते तिच्यावर उभे राहिले. अध्यक्ष साध्या खुर्चीवर चढले. साड्या वर, चपला हातात. एका बाईंनी माझे नाव घेऊन जे म्हटले ते आभारात बसत नाही.

अक्काची मुलगी पुढे आली. तिने फ्रॉकचा घोळ एका हातात गोळा केला आणि दुसऱ्या हाताने वेचायला लागली. पाठीमागून, कवचाच्या दोन कडांना अंगठा आणि बोट. खेकड्याची नांगी तिथवर पोचत नाही. एक उचलला, बुट्टीत. गोणपाट वर. दुसरा.

"अगं, इकडे! माझ्या खुर्चीखाली!" अध्यक्ष.

"काका, तुम्ही हलू नका."

"मी कुठं हलतोय!"

"खुर्ची हलतीय."

मी माइकजवळच होते. माइक चालू होता. "अध्यक्षमहोदय," मी म्हटले, "खोलीच्या अर्जाचं काय?"

"आधी हे आवरा हो!"

"ती आवरते आहे. तिलाच खोली हवी आहे. आपलं म्हणणं होतं, ती शहरात घाबरेल."

सभागृहभर लोक खुर्च्यांवर उभे होते आणि जमिनीवर ती एकटी गुडघ्यावर. मागून कुठूनतरी एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "द्या की हो खोली! काय मेलं त्या खुर्चीला राहायला खोली!"

"दिली, दिली," अध्यक्ष म्हणाले. तेही माइकमध्ये आले.

ही जबरदस्ती होती, असे नंतर मला मंडळातल्या दोघांनी सांगितले. होतीच. अर्ज केला होता, विनंती केली होती, भिंतीतला दगडही दाखवला होता. रीतसर मार्गाने गेले असते तर मुलगी लावणीला गेली असती आणि मी सप्टेंबरात त्याच गोष्टीला पुन्हा हसले असते. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही नाही.

कार्यकारिणीने त्या आठवड्यात दोन ठराव केले. खोली मुलीला द्यावी, आणि आभाराचे काम फिरते ठेवावे. लाल खुर्ची जिन्याखाली गेली. मुलगी त्या खोलीत दोन वर्षे राहिली, शालींच्या खोक्यावर वह्या ठेवून अभ्यास केला, पुढे बी.एस्सी., बी.एड. केले. दोन हजार सालानंतर कधीतरी ती कलघटगीला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागली. बादलीचा प्रयोग ती मुलांकडून करवून घेते. माझे नाव सांगत नाही, ते बरोबरच आहे. मी तरी तिच्या आईचे कुठे सांगत होते?

पुण्याचे पाहुणे काही वर्षांनी हुबळीत आले होते. मी मुद्दाम गेले. गोष्ट तीच होती. फक्त बुट्टीच्या जागी काचेची बरणी आली होती.

अध्यक्षांनी मात्र हार मानली नाही. त्या संध्याकाळी खुर्चीवर उभे असतानाच त्यांनी चष्मा लावून वरून टेबलावरच्या बुट्टीत डोकावले होते, मुलीने वेचायला सुरुवात करायच्याही आधी आत कोणीतरी होते असा त्यांचा दावा होता, आणि तो खराही होता. तळाशी एक खेकडा मुळीच हलला नव्हता. पुढे कितीतरी वर्षे बाजारात, बँकेत, कुणाच्या लग्नात भेटले की ते मला थांबवून विचारत, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण एक आत राहिला होता की नाही? त्याला कुणीतरी खाली ठेवलंच ना?"

अक्काने तो त्याच संध्याकाळी उलटा करून बघितला होता. तो येतानाच, अळणावरच्या गाडीत, मेला होता.