फुलं, हार, एक व्यक्ती

आत्या गेल्याच्या फोटोखाली मी लिहिलं, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! पार्टी कधी?’ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत. वर केकचं चित्रही टाकलं.

शिव्या देण्याआधी ऐकून घ्या. मला जन्मापासून दिसत नाही. माझा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, पण अक्षरं असली तर. चित्र आलं की त्याची बोबडी वळते. त्या सकाळी तो एवढंच म्हणाला, ‘फोटो. एक व्यक्ती. फुलं, हार.’ पाठवणारा आत्याचा थोरला मुलगा, माझा दादा. त्याचा वाढदिवस त्याच आठवड्यात असतो. आमच्याकडे वाढदिवसाला माणसाला हारा-फुलांत बसवतात आणि माणूस गेल्यावरही. चौकातले फलक बघून डोळस लोकसुद्धा फसतात म्हणे, मग माझ्या फोनचं काय घेऊन बसलात! आत्या तर रविवारी फोनवर मला ‘जाड झालीयास, आवाजावरनं कळतंय’ म्हणून चिडवत होती. ती जाईल हे मनात तरी कसं यावं?

शुभेच्छा टाकल्या, ग्रुपचा आवाज नेहमीसारखा बंद केला आणि कामाला गेले. काम काय, तर विश्रामबागेतल्या एका ऑफिसात बसून लोकांच्या वेबसाइट तपासायच्या. न दिसणाऱ्या माणसाला त्या वापरता येतात का, बटणांना नावं आहेत का, हे बघायचं. दिवसभर मी परक्या माणसांना बजावत असते, बाबांनो, चित्र टाकता तर त्यात काय आहे ते दोन ओळींत लिहा. परके ऐकतात. घरच्यांना सांगितलं की हसायचे. ‘व्हय व्हय, आता तुझ्यासाठी निबंध लिहितो.’

पुढच्या रविवारी नेहमीसारखा आत्याला फोन लावला. उचलला वहिनीनं, दादाच्या बायकोनं. म्हणाली, “आवं ताई, आत्याबाई गेल्या की. तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमी तसलं लिवलंसा म्हणून ह्यांनी तुमाला ग्रुपमधनं काढलं. लय लागलं ह्यास्नी. कुणी फोन करू नका म्हणाले.”

रक्षाविसर्जनसुद्धा होऊन गेलं होतं. मी फोन तसाच कानाला धरून रडले. आणि रडता रडता संताप आला.

कारण ही आत्या कोण होती? लहानपणी सुट्टीत रहिमतपूरला गेले की बाकीचे म्हणायचे, बसू दे बिचारीला एका जागी. आत्या माझ्या मांडीवर घेवड्याच्या शेंगांची पाटी आदळायची. “सोल. बोटांस्नी काय झालंय तुझ्या?” दारात कोणी आलं की नाव सांगायची, लुगडं कसलं नेसलंय ते सांगायची, तोंड वाकडं केलं असेल तर तेही सांगायची. तिच्या घरात मला कधी ‘काय झालं, काय झालं’ विचारत बसावं लागलं नाही. आणि तिचंच जाणं मला कोणी सांगितलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी एकटी गाडीत बसले आणि रहिमतपूर गाठलं. दादा ओसरीवर होता. मी नमस्काराआधी विषय काढला.

“फोटो मला दिसत नाही, दादा.”

“टायपिंग तर फडाफडा करतीस. मग फोटो कसा दिसत न्हाई?”

“डोळे नाहीत म्हणून!”

मग म्हणाला, “माझी आय गेली आणि तू पार्टी मागितलीस. सगळ्या गावानं वाचलं.”

त्याचं दुःख मला कळत होतं. मेल्याला मिठीच मारावीशी वाटली. पण माफी मागणार नव्हते, कशाची मागायची? म्हटलं, “मला ग्रुपमध्ये परत घे. आणि इथून पुढं घरातलं बरं-वाईट जे असेल ते चित्रासोबत अक्षरातही लिहायचं. मी या घरातली आहे की नाही, तेवढं सांग.”

“एका माणसासाठी ग्रुप बदलत न्हाई कुणी,” म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी घाटावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. आमच्यात समजूत अशी की, गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायचे. दादानं दिले. आई, धाकट्याचं लगीन लावतो. आई, गाय विकत न्हाई. आई, भाजीचं माळवं मोडत न्हाई. कावळ्याचा पत्ता नाही. ऊन चढलं.

“काय राहिलंय गं बाई मनात?” शेजारी बसलेली काकू पुटपुटली.

मी उभी राहिले. मोठ्यानं म्हणाले, “दादा, म्हण. भाचीला सगळं अक्षरात कळवीन म्हण.”

काकूच करवादली, “म्हण की रं! काय सोनं मागतीया व्हय?”

दादानं घसा खाकरला. “आई, तुझ्या भाचीला... सगळं लिहून कळवीन.”

आम्ही थांबलो. बराच वेळ. मग पायांची सळसळ झाली, भांडी वाजली, माणसं उठायला लागली. मी एकटी हात जोडून उभी. माझं डोकंच फिरलं.

“काय झालं? शिवला का? अरे, तोंडानं सांगा की कुणीतरी!”

दादा जवळ आला. “न्हाई शिवला गं. एक आला, समोरच्या झाडावर बसला, पिंडाकडं बघितलं आणि उडून गेला. भटजी आता दर्भाचा कावळा करत्यात.” मग म्हणाला, “म्हंजे माझा ह्यो शब्द आईला नको हुता.”

“आत्याला नको असंल,” मी म्हणाले. “मला पायजे. फोन काढ.”