कौसाआत्याचं गजकर्ण

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, हातात मोजे. "कौसाआत्या गेली वं... झोपेतच," भाऊ म्हणाला. रडले, खूप रडले. पण आता महिना उलटलाय आणि तिची आठवण आली की आधी हसूच येतं. काय करणार, बाई होतीच तशी!

आसेगावात आमच्या गल्लीत आत्याचा दवाखाना चालायचा. औषध एकच, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली खाजेची ट्यूब. कुणाला गजकर्ण झालं की ट्यूब त्या घरी, खाज जरा थांबली की लगेच पुढच्या घरी. पुरतं बरं कुणीच व्हायचं नाही. आत्याच्या कमरेचं गजकर्ण तर माझ्या शाळेपासून कॉलेजपर्यंत टिकलं. बी.एस्सी.च्या सुट्टीत मी वैतागून तिला विचारलं, एवढं लावतेस तरी जात कसं नाही? "मले काय इचारतं? तू कायले शिकून राह्यली मंग?" तिने मलाच झापलं. एम.एस्सी.ला गजकर्णाची, औषधांना न जुमानणारी बुरशी हा विषय मी घेतला तो या झापण्यामुळे.

विषय मिळाला, पण नमुने मिळेनात. कातडीची खरवड द्यायला एकही बाई तयार होईना. जागाच तशी, परकराच्या नाड्याखालची. नमुने नसतील तर विषय बदला, असं सरांनी बजावलं. मी रडकुंडीला येऊन आत्याकडे गेले. तिने गल्लीतल्या बायका घरात बोलावल्या, दार लावलं, लुगडं सैल केलं आणि कंबर माझ्यापुढे केली. "खरड, पयले माहं खरड! अन् तुमी काहून लाजता वं? ट्यूब मांगाले येता तवा लाज नाही वाटत?" बायका पोट धरून हसल्या, आणि एकेक करून सगळ्यांनी नमुने दिले.

निकाल सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. अर्धवट औषधानं बुरशी निर्ढावली होती, म्हणजे आत्याच्याच ट्यूबनं. तिने कपाळावर हात मारला.

"म्हंजे मी गल्लीची डॉक्टरीण नवती, त्या बुरशीची मास्तरीण व्हती!"

आणि असली खदखदून हसली म्हणता! त्याच संध्याकाळी ट्यूब चुलीत गेली. मग सगळ्या बायकांना ऑटोत कोंबून ती वाशीमला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी औषध बदललं, तिने ते शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं, बाकीच्या बायकांनाही घ्यायला लावलं. बरी झाल्यावर भेटेल त्याला ऐकवायची, "पोट्टीनं बरं केलं मले."

तिच्या कमरेवरची ती बुरशी आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एका बाटलीत अजून जिवंत आहे. अधूनमधून ताज्या खाद्यावर उतरवली की पांढरीशुभ्र वाढते. परवा प्रयोगशाळेतली मैत्रीण फ्रिज आवरत होती. काम तर संपलं, ही बाटली टाकू का, तिने विचारलं.

"हात नको लावू तिले," मी ओरडलेच. "आत्या हाये माही."