सकाळच्या पहिल्या धड्याची गाडी

मास्तरीणबाईंच्या गाडीला दोन ब्रेक होते, दोन क्लच होते आणि तोंड एकच, ते बाईंचं. अठरा वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. कुणी भिंतीवर गेलं, कुणी गटारात, पण बाईंनी कुणाला अर्ध्यात सोडलं नाही. "रडायचं असेल तर आधी इंडिकेटर दे, गाडी बाजूला घे आणि मग रड," असं सांगायच्या.

थोरल्या जाऊबाईंपुढे मात्र त्यांनी हात टेकले.

दिरांची नजर अधू झाली होती. पंधरवड्याला त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं, तर त्या घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. म्हणून साठीला टेकलेल्या जाऊबाई शिकायला बसल्या. घरचं माणूस, म्हणून सकाळी साडेसहाचा पहिला धडा त्यांचा. क्लच जरा सुटला की गाडी पिसाळल्यासारखी उसळायची.

"ताई, पाय काढा! रेस कशाला देताय?"

"अगं, पाय वरच आहे माझा!"

"मग काय भूत दाबतंय?"

साडेसातच्या मुलीकडे तीच गाडी गोगलगायीसारखी निघायची. त्यामुळे बाईंची खात्रीच पटली, की जाऊबाईंचा पाय जड आहे. शेवटी एका सकाळी बाईंनी ब्रेक दाबेपर्यंत गाडीनं समोरच्या घराचं फाटक आडवं केलं. जाऊबाई खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बास. माझ्या हातून कुणाचा तरी जीव जायचा." चालतच घरी गेल्या. लायसन्सची परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

बाईंना घास गोड लागेना. त्यांची दोन्ही पोरं लहान होती तेव्हा सकाळच्या धड्यांच्या वेळी त्यांना याच जाऊबाईंनी सांभाळलं होतं. "तू जा, मी आहे," एवढंच म्हणायच्या आणि धाकट्याला काखोटीला मारायच्या. त्या नसत्या तर बाई कसल्या मास्तरीण झाल्या असत्या!

बंपर चेपला होता म्हणून बाई गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेल्या. हे मिस्त्री म्हणजे बाईंचं जुनं गॅरेज. उसळी मारण्याची तक्रार त्यांनी तीनदा ऐकली होती. तिन्ही वेळा इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा जागच्या जागी होता आणि तिन्ही वेळा ते म्हणाले होते, "गाडी ठणठणीत आहे, बाई. चालवणारा बघा." आज बाई साडेसातच्या मुलीकडे गाडी कशी गुमान निघते ते सांगू लागल्या, तसा बंपर ठोकता ठोकता त्यांचा हात थांबला.

"फक्त सकाळच्या पहिल्याच बाईकडे उसळते?"

"हो. जाऊबाईंकडेच."

"आणि घरून इथवर यायला किती वेळ?"

"वीस मिनिटं."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या दारात येते तेव्हा ती तापून शहाणी झालेली असते! उद्या सहाला मीच येतो. तोवर किल्लीला हात लावायचा नाही."

सकाळी आले. आधी बॉनेटवर तळवा टेकवला. गार होतं. मग किल्ली फिरवली, आणि इंजिन असं केकाटलं की शेजारच्या खिडक्या उघडल्या. थंड गाडीचा काटा हजार-बाराशेवर असायचा, तो अडीच हजारावर जाऊन बसला.

"इस्त्रीच्या वेळी पाणी मारता ती बाटली आणा."

"आता इस्त्री?"

"तापायच्या आत आणा हो!"

मिस्त्रींनी रबरी नळ्यांच्या जोडांवर पाणी उडवलं. काही नाही. मग इंजिनात हवा नेणारा मोठा पाईप जिथं बसतो त्या सांध्यावर, एकेका कोपऱ्यात. मागच्या कोपऱ्यात फवारा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम बसला. पाणी आटलं, पुन्हा केकाटलं. पुन्हा फवारा, पुन्हा गप्प.

"इथून चोरून हवा ओढतेय. गार असताना फट उघडी. तापलं की धातू फुगतो, फट मिटते. जाऊबाईंचा पाय वरच होता, बाई."

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तो कोपरा फडक्यानं पुसत राहिले.

"गेल्या वर्षी हा सांधा मीच खोलला होता. फट बुजवणारं नवं पॅकिंग मिळालं नाही, म्हणून जुनंच परत चढवलं. कुणाला कळलं नसतं. पण फाटक मी पाडलंय, तुमच्या जाऊबाईंनी नाही."

बाईंच्या जिभेवर अठरा वर्षांचा दारूगोळा तयार होता, पण तो पेटेना. त्यांचे डोळेच भरून आले. असा माणूस आपल्या गाडीला हात लावतो, याचंच त्यांना भाग्य वाटलं. "हे ताईंसमोर बोलाल?"

"चला."

जाऊबाई चादरींच्या घड्या घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं, घडी मोडली नाही.

"म्हणजे पाय वर होता?"

"वर होता, ताई. चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"मोठ्यानं बोल."

"वर होता हो!"

"ऐकलं बरं का! मी साक्षीदार," आतल्या खोलीतून दीर ओरडले.

त्याच दिवशी मिस्त्रींनी सांधा खरवडून स्वच्छ केला, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट मधून कडेकडेला आवळत नेले. पण गाडी पुरती गार झाल्याशिवाय त्यांचा स्वतःवरही भरवसा नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते पुन्हा हजर. जाऊबाईंनी किल्ली फिरवली. काटा बाराशेवर चढला, थबकला आणि हळूहळू खाली सरकू लागला.

मिस्त्री बाजूला होऊन निघण्याच्या बेतात होते.

"अहो, चाललात कुठं?" जाऊबाईंनी बाईंना मागचं दार उघडायला लावलं. "बसा मागं. आज काही पडलं, तर कुणी पाडलं ते जागच्या जागी ठरवू."

मिस्त्री मुकाट्यानं बसले. जाऊबाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि क्लच सोडला.