पाच स्वच्छ निघाले

वर्तकनगरच्या मालन शिर्केंना एजन्सीवाल्याने एवढंच सांगितलं होतं, "प्राणी सांभाळायचे आहेत." वागळे इस्टेटमधल्या त्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या आणि आत मुठीएवढे, गुबऱ्या गालांचे हॅमस्टर. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, रोज प्रत्येकाचं वजन करायचं. तिथे लेप्टोची नवी लस बनत होती.

लेप्टो म्हटल्यावर मालनताई चपापल्या. त्यांचा नवरा दौलत टेम्पो चालवायचा. चार वर्षांपूर्वी तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेला टेम्पो त्याने तासभर ढकलला. टाचेला भेग होती. दहा दिवसांनी ताप, मग डोळे पिवळे, मग लघवी बंद. उंदरांच्या मुतातून येतो हा आजार, असं डॉक्टर म्हणाले होते. मालनताईंनी यातलं काहीच कामावर सांगितलं नाही. काढून टाकतील असं वाटलं.

मुलगा सूरज डोंबिवलीला राहायचा. त्याला मुलगी झाली तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, तुझं ते काम आहे तोवर नको येऊस. बाळ लहान आहे."

"हातमोजे असतात रे. आंघोळ करून निघते मी."

"तरी पण."

शेजारच्या मंजुळाने एकदा खिरीचा डबा घेतला आणि तासाभरात न उघडताच परत आणून दिला. तेव्हापासून मालनताईंचं बोलणं पिंजऱ्यांशीच.

एकदा तिथल्या शास्त्रज्ञ रसिका मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. काळोखात चकाकणारे बारीक धागे, टोकाला आकडी, सारखे वळवळणारे. मालनताई बराच वेळ डोळा लावून होत्या.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या. "माझा माणूस यानंच गेला, मॅडम."

रसिकाने खुर्ची ओढून त्यांना बसवलं. मग ती कामाचंच बोलत राहिली. जुन्या लशींचा असर फार टिकत नाही. एका जातीच्या जंतूवरची लस दुसऱ्या जातीवर चालत नाही. "आणि जनावर वाचलं तरी जंतू त्याच्या मूत्रपिंडात दडून बसतो, मुतातून पसरत राहतो. आपल्याला तो तिथूनही हाकलायचाय, मालनताई."

चाचणीत आठ हॅमस्टरना नवी लस दिली, आठांना नाही. मग सोळाही जणांना जंतू टोचले. सहाव्या दिवशी बिनलशीच्या एकाचे पंजे पिवळसर दिसले. ते आधी मालनताईंनी पाहिलं.

"मॅडम, याला आता त्रास नको. लवकर झोपवा."

दहाव्या दिवसापर्यंत ते आठही संपले. लस दिलेले आठही एकविसाव्या दिवशी दाणे गालात कोंबत होते. पण मूत्रपिंडं तपासायची तर त्यांनाही मारावं लागणार होतं. औषध चढेपर्यंत प्रत्येकाला मालनताईंनीच ओंजळीत धरलं. दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही.

निकाल यायला काही आठवडे लागले. पाच स्वच्छ, तिघांत जंतू.

"मागच्या चाचणीत जुन्या लशीचा एकही स्वच्छ निघाला नव्हता," रसिका म्हणाली.

"मग झालं?"

"नाही हो. तिघं राहिलेत ना. लस बदलून परत करायचं. माणसांपर्यंत पोचायला तर अजून कितीतरी वर्षं."

संध्याकाळी मालनताईंनी सूरजला फोन लावला. "पाच स्वच्छ निघाले रे!"

"कसले पाच?" मागे बाळ रडत होतं. "आई, नंतर करतो."

त्या फोन हातात धरून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. भाकरी एकच थापली.

सोमवारी नवे सोळा हॅमस्टर आले. मालनताईंनी हातमोजे चढवले आणि पहिल्याला वजनकाट्यावर ठेवलं.