सोळा लिंबं आणि चार डॉल्या

“चार नाय, सोळा! चाकं सोळा हायेत, मग चार लिंबं पुरतील कशी?” दसऱ्याच्या सकाळी दाजी इतक्या जोरात ओरडले की गंगापूर रोडवरच्या आसपासच्या तीन कॉलन्यांमधल्या बायकांनी घाबरून आपापल्या फ्रिजमधली लिंबं मोजली. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, मूळचे दिंडोरीकडचे. लोखंडावर एवढी श्रद्धा आणि लोखंड विकणाऱ्यावर एवढा संशय असलेला दुसरा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे.

दाजींनी उभा जन्म द्राक्षबागांची औषधं विकण्यात घालवला. सकाळी आपली पांढरी गाडी काढायची, दिंडोरीच्या बागा, देवळ्याचे कांदेवाले, पेठचा घाट असं सगळं पालथं घालायचं आणि घरची जेवणं आटोपल्यावर परत यायचं. तोवर ताई फाटकाशी वाट बघत उभी. दाजी निवृत्त झाले आणि त्यांच्या मागोमाग गाडीही निवृत्त झाली. ब्रेक धरले, चाकं जाम झाली आणि ती पार्किंगच्या ऐन मधोमध रुसून बसली. त्यात साठी ओलांडल्यावर ताईने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. “जन्मभर तुमची वाट बघितली, आता माझी तुम्ही बघा,” म्हणाली आणि स्वतःसाठी छोटी लाल गाडी बुकही करून आली. वर दाजींना बजावलं, “दसऱ्याला माझी गाडी आत येणार. तोवर तुमची भिंतीला लागली तर राहील. नाहीतर भंगारात.” ताई बोलून थांबणाऱ्यांतली नाही. तिने भंगारवाल्याला मुहूर्तही सांगून ठेवला.

तेव्हापासून दाजींना डॉलीचा ध्यास लागला. डॉली म्हणजे पूजेच्या पाटाएवढी लोखंडी ताटली, टायर बसावा म्हणून मधे खोलगट, आणि खाली चार कोपऱ्यांना गरगर फिरणारी चार छोटी चाकं. जॅकने गाडी उचलायची, प्रत्येक टायरखाली एक डॉली सारायची, की जाम झालेली गाडीसुद्धा आडवी, तिरपी, म्हणाल तशी सरकते. दुसरा कुणी असता तर मोबाइलवर बोट दाबून मोकळा झाला असता. दाजींनीही एक जोडी मागवून बघितली. तिची प्लॅस्टिकची चाकं पाहून त्यांनी नुसती नजर रोखली, तर त्यातलं एक चाक तिथल्या तिथे तडकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग आमच्या अंबड एमआयडीसीच्या वाऱ्या सुरू झाल्या. दाजी लांबून दिसले की हार्डवेअरवाले अर्धं शटर ओढून घ्यायचे. दाजी डॉली उलटी करणार, वेल्डिंगच्या सांध्यांवरून नख फिरवणार, चाकाला गरका देऊन ते कानाशी धरणार. “ऐका मेव्हणे, बेअरिंग आत्ताच किरकिरतंय. हे संसाराला टिकायचं नाय.” दुकानदार म्हणाला, “काका, हिच्यावर पाचशे किलो लिहिलंय.” दाजी म्हणाले, “लिहिलं कुणी? तुम्हीच ना? मग अडीचशे धरा.” नायलॉनचं चाक फरशी ओरखडतं म्हणून नको. रबराचं गाडीच्या वजनाखाली एका जागी उभं राहून चपटं होतं म्हणून नको. लहान चाक शहाबादीच्या फटीत मुक्काम करतं म्हणून तेही नको. शेवटी लोखंडी चाकावर रबराहून चिवट अशा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर चढवलेल्या, जाड पत्र्याच्या, नटबोल्टाऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या चार डॉल्या पसंत पडल्या. पसंत म्हणजे चाचणीपुरत्या. चाचणीसाठी मला एका डॉलीवर मांडी घालून बसवलं, मांडीवर विटा भरलेला द्राक्षांचा क्रेट ठेवला आणि दाजींनी मला दोरीने कॉलनीभर ओढलं. “हलू नका मेव्हणे, वजन बिघडतं!” एका आजींनी तर कुठली मिरवणूक आहे हे न विचारताच मला हात जोडले. पण खरं सांगतो, डॉली हूं की चूं करत नव्हती. मनात आणलं असतं तर त्या चार डॉल्यांवर पांडवलेण्यांचा डोंगर उचलून गंगापूर रोडला आणता आला असता.

दसऱ्याला गाडी डॉल्यांवर चढली. दाजींनी झेंडूच्या माळा गाडीला घालायच्या सोडून डॉल्यांना घातल्या. आणि मग ती लिंबं. नव्या वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि चिरडत पुढे जायचं, ही आपली रीत. पण दाजींच्या हिशेबाने डॉली हेच नवं वाहन, आणि एकेका डॉलीला चार चाकं. सोळा लिंबं लागली. भंगारवाला फाटकाशी टेम्पो लावून बघत होता. दाजी “जय भवानी!” म्हणून गरजले, आम्ही सगळ्यांनी जोर लावला, आणि डोंगर पेलणाऱ्या त्या डॉल्या लिंबांपाशी अडल्या. सालं चाकांत गुंतली, बिया पाचरीसारख्या बसल्या. गाडी तसूभर हलेना.

“काका, टेम्पो आत घेऊ का?” भंगारवाल्याने विचारलं.

दाजी नुसते सदऱ्याच्या टोकाने बॉनेट पुसत राहिले. ते मला बघवेना.

ताईने ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं, घरात गेली आणि उलथनं घेऊन आली. पदर खोचून सरळ फरशीवर बसली आणि चाकांतली सालं खरवडून काढू लागली. “पीयू म्हणे पीयू! लिंबाला घाबरलं! अहो, बघत काय उभे राहिलात? पलीकडची बाजू घ्या.” दोघांनी समोरासमोर बसून सोळाच्या सोळा चाकं मोकळी केली. मग दाजींनी एका हाताने गाडी ढकलली. तुपावरून घसरावी तशी ती आडवी सरकली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर शहाण्यासारखी थांबली. “बघितलं? एकबी चाक कुरकुरलं नाय!” दाजींची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण उडून माझ्या ताटात पडलं. मी तर भंगारवाल्यालाही पेढा भरवला.

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो, तर ताईची लाल गाडी दिमाखात मधोमध उभी. भिंतीकडच्या पांढऱ्या गाडीत दाजी स्टिअरिंगला हात लावून बसलेले आणि शेजारच्या सीटवर ताई, हातात चहाची बशी. मी आपट्याची पानं देत म्हटलं, “ताई, आता सरकायला लागलीच आहे, तर इंजिनही करून घेऊ. दाजी परत देवळ्यापर्यंत चक्कर मारतील.”

दाजींचे डोळे चमकले. ताईने बशीवर फुंकर घातली.

“नको. खूप फिरून झालं. आता घरीच असू दे.”